एकाच टॉर्चमध्ये पेन्सिल सेलही आणि लिथियमही: आयसी नंतर निवडा, आधी सेल बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऐरोलीत राहता, ट्रेकला जाणाऱ्या मित्रमंडळींसाठी पन्नासेक टॉर्च बनवायचे आहेत. टॉर्च खिशात मावला पाहिजे. त्यात कुठल्याही किराणा दुकानात मिळणारा साधा पेन्सिल सेल चालला पाहिजे, अल्कलाइन चालला पाहिजे, चार्ज होणारा निकेलचा चालला पाहिजे, आणि त्याच मापाचा लिथियमचा १४५०० टाकला तर उजेड जास्त पडला पाहिजे. त्यासाठी टीपीएस६३००० हा बक-बूस्ट (व्होल्टेज गरजेप्रमाणे उतरवणारा किंवा चढवणारा) आयसी चालेल का, एवढंच तुम्ही विचारलंय.

चालणार नाही. त्याच्या डेटाशीटच्या पहिल्याच पानावर इनपुट १.८ ते ५.५ व्होल्ट दिलंय. पेन्सिल सेल नवा असतानाच दीड व्होल्टचा, आणि वापरात बहुतेक वेळ १.३ ते १.० च्या मध्ये. तिथे तो आयसी उठणारच नाही. दोन पेन्सिल सेल एकापुढे एक लावले तर चालेल, पण मग टॉर्च खिशातून बाहेर डोकावतो. शिवाय कोणीतरी कधीतरी त्यात दोन १४५०० भरणारच. दोन भरलेले म्हणजे ८.४ व्होल्ट, आणि आयसीची मर्यादा ५.५. म्हणून तुमच्या कामाला एकच सेल, हे माझ्या मते ठरवूनच टाका.

खरी अडचण मात्र आयसीची नाहीच. असे प्रश्न आले की सगळे व्होल्टेजपासून सुरुवात करतात: ०.९ ते ४.२ व्होल्ट कसं सांभाळायचं? तेवढं सांभाळणारे आयसी मिळतात. अवघड आहे ते करंटचं गणित. टॉर्चमध्ये कुठला सेल येईल हे तुमच्या हातात नाही, पण आलेल्या सेलकडून किती मागायचं हे तुमच्या हातात आहे. डिझाइन तिथून सुरू करा.

पांढऱ्या एलईडीला पेटायला साधारण २.७ ते ३.२ व्होल्ट लागतात. ३५० मिलिअँपिअरवर २.९ धरा, म्हणजे एलईडीत एक वॉट जातो. चांगल्या एलईडीतून त्यावर शंभर-सव्वाशे लुमेन निघतात आणि लेन्समधून बाहेर शंभरच्या आसपास येतात. घरात दिवे गेल्यावर हे पुष्कळ झालं, येऊरच्या जंगलातल्या पायवाटेलाही पुरतं. आता मागे चला. सेलचं व्होल्टेज एलईडीला हवं तेवढं चढवणारं ते बूस्ट सर्किट. त्याची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर सेलमधून १.२ वॉट ओढावे लागतात. निकेलचा सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे बरोबर एक अँपिअर. सेल उतरून १.० व्होल्टवर आला की १.२ अँपिअर. व्होल्टेज कमी होत जातं तसा करंट वाढत जातो, कारण रेग्युलेटरला एलईडीतला उजेड स्थिर ठेवायचाय.

निकेल मेटल हायड्राइडला हे झेपतं. त्याचा अंतर्गत रोध वीस-तीस मिलीओहमच्या घरात असतो, एका अँपिअरला तो मान टाकत नाही. अल्कलाइनचा रोध नवा असताना ०.१५ ते ०.३ ओहम, आणि वापराबरोबर चढत जातो. साध्या लाल कार्बन-झिंक सेलचा त्याहून बराच जास्त. कोणत्याही सेलमधून जास्तीत जास्त किती पॉवर निघू शकते त्याचं सूत्र बारावीच्या पुस्तकातलं आहे: व्होल्टेजचा वर्ग भागिले (चार गुणिले रोध). नवा अल्कलाइन धरा दीड व्होल्ट आणि ०.२ ओहम: २.८ वॉट, आरामात. अर्धा वापरलेला धरा १.३ व्होल्ट, ०.३ ओहम: १.४ वॉट, म्हणजे काठावर. कार्बन-झिंकचा नवा धरा दीड व्होल्ट, ०.६ ओहम: ०.९४ वॉट. तुम्हाला हवेत १.२. कोरा करकरीत सेल, आणि तरी गणित बसत नाही. टाकी भरलेली आहे, पण नळ बारीक आहे.

अशा वेळी सर्किटमध्ये काय होतं ते नीट समजून घ्या, कारण स्वस्त टॉर्चची निम्मी दुखणी इथली आहेत. एलईडीचा करंट कमी पडतोय हे रेग्युलेटरला दिसतं. तो ड्यूटी (आतला स्विच चालू राहण्याच्या वेळेचा वाटा) वाढवतो आणि सेलकडून जास्त करंट मागतो. तेवढ्याने सेलचं व्होल्टेज आणखी पडतं. तो आणखी मागतो. शेवटी व्होल्टेज आयसीच्या किमान मर्यादेखाली जातं आणि आयसी बंद पडतो. भार गेल्याबरोबर सेल दम घेऊन वर येतो, आयसी परत सुरू होतो, परत तेच. बाहेरून दिसतं ते एवढंच, की नवीन सेल टाकला तरी टॉर्च लुकलुकतोय. दुकानदार म्हणतो एलईडी खराब, गिऱ्हाईक म्हणतं सेल जुना. खराब दोन्ही नसतात. मागणी जास्त असते.

यावर उपाय असा की टॉर्चचं लक्ष एलईडीच्या करंटइतकंच सेलच्या व्होल्टेजवरही हवं. भाराखाली सेल ०.९५ व्होल्टच्या खाली जायला लागला की एलईडीचा करंट एक पायरी उतरवा. तरी खाली गेला तर आणखी एक. सोलर पॅनेलचे चार्जर पॅनेलला कोसळू न देता जेवढं मिळेल तेवढं घेतात, तेच तत्त्व. पायऱ्या लहान ठेवल्या आणि दोन पायऱ्यांत काही सेकंद जाऊ दिले तर डोळ्याला कळतसुद्धा नाही. परत वर चढायची परवानगी मात्र देऊ नका. सेल थोडा सावरला म्हणून उजेड वाढवला की परत खाली, परत वर. बटण बंद करून पुन्हा लावल्यावरच नव्याने सुरुवात.

आणि बटण दाबल्यावर पहिला उजेड मधला द्या, पूर्ण नको. सव्वाशे मिलिअँपिअरच्या आसपास, चाळीसेक लुमेन. सेलमधून ओढ होते ०.४ वॉटच्या थोडी वर, आणि तेवढं लाल सेललाही जमतं. दोन हजार मिलिअँपिअर-तासांचा निकेल सेल त्यावर साडेपाच तास जातो. ज्याला जास्त हवंय तो बटण अर्धं दाबून वरच्या उजेडावर जाईल. घोडबंदर रोडला रात्री दहा वाजता दिवे गेले आणि खालच्या दुकानातून लाल सेल आणला, तर तो टॉर्च लावणाऱ्याला शंभर लुमेनची घाई नसते. त्याला पायाखालचा जिना दिसायला हवा असतो.

आता लिथियमकडे. १४५०० भरलेला असताना ४.२ व्होल्ट, बहुतेक वेळ ३.७ च्या आसपास. आपल्याकडचं बूस्ट सर्किट व्होल्टेज वर चढवणारं आहे, आणि इथे इनपुटच एलईडीच्या वर गेलंय. साध्या बूस्टमध्ये कॉइल आणि डायोडमधून सेलचा करंट थेट एलईडीत जातो, आयसीतला स्विच बंद असला तरी. त्याला अडवणारं मध्ये कोणी नसतं. स्प्रिंगचा, कॉइलचा, सेलचा जो काय रोध असेल तोच. जांभळी नाक्यावर मिळणारे बरेच ‘दोन्ही सेल चालतात’ वाले छोटे टॉर्च हेच करतात. पहिली दोन मिनिटं डोळे दिपतात, मग टॉर्चचं डोकं हातात धरवत नाही. १४५०० सारख्या लहान सेललाही ती ओढ सोसत नाही.

यातून सुटायचे तीन मार्ग मला पटतात. पहिला: दोन एलईडी सिरीजमध्ये. मग लागणारं व्होल्टेज सहाच्या आसपास, आणि ०.९ पासून ४.२ पर्यंत कुठलाही सेल टाका, सर्किट कायम बूस्टच राहतं. विचार सुंदर आहे. पण एका व्होल्टवरून सहा व्होल्ट करताना ड्यूटी ८० टक्क्यांच्या वर जाते, कार्यक्षमता घसरते, आणि ती घसरते नेमकी अशक्त सेलवर, जिथे आपल्याला परवडत नाही. दोन एलईडींना दोन लेन्स लागतात आणि डोकं रुंद होतं ते वेगळंच.

दुसरा मार्ग म्हणजे इनपुट आउटपुटच्या वर गेलं तरी ताबा न सोडणारा बूस्ट आयसी. टीपीएस६१२०० बघा. इनपुट ०.३ ते ५.५ व्होल्ट, आणि इनपुट वर गेलं की तो स्वतःच डाउन मोडमध्ये जातो, म्हणजे व्होल्टेज उतरवायला लागतो. तुमच्या पन्नास नगांसाठी मी हाच घेतला असता. त्याच्या स्विचची मर्यादा १.३ अँपिअरच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या एक वॉटच्या एलईडीला एका सेलवर तो जेमतेम पुरतो, अधिकची आशा नको. दोन गोष्टी सांभाळा. एक, त्याचा फीडबॅक (ज्या पायावर तो आउटपुट मोजतो तिथलं व्होल्टेज) अर्ध्या व्होल्टचा आहे. एलईडीखाली सरळ रेझिस्टर टाकून करंट मोजलात तर अर्धा व्होल्ट तिथेच जळतो, म्हणजे एलईडीच्या २.९ व्होल्टवर १७ टक्क्यांचा भुर्दंड. ५० मिलीव्होल्टचा रेझिस्टर टाका आणि ऑप-अँपने दहापट करून फीडबॅकला द्या. दोन, त्याचं पॅकेज तीन बाय तीन मिलिमीटरचं, पाय पोटाखाली. साध्या सोल्डरिंग गनने पन्नास नग करायला बसू नका. स्टेन्सिल आणि हॉट प्लेट लागेल.

तिसरा मार्ग: लिथियम असताना बूस्ट पूर्ण बंद ठेवायचा, एका मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) त्याला वळसा द्यायचा आणि एलईडीच्या खालच्या बाजूला लिनिअर करंट रेग्युलेटर, म्हणजे जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत घालवणारा, ठेवायचा. लिनिअर म्हटलं की मुलं नाक मुरडतात. हिशेब करून बघा: ३.७ मधून २.९ काढायचे, ०.८ व्होल्ट वाया, २२ टक्के. ३५० मिलिअँपिअरला उष्णता होते ०.२८ वॉट, आणि ती अॅल्युमिनियमच्या अंगाला कळतही नाही. सेल उतरेल तशी नासाडी कमी होत जाते. जास्त उजेडासाठी ७०० मिलिअँपिअरपर्यंत न्यायचं असेल तर हा मार्ग बरा, कारण टीपीएस६१२०० तिथे दमतो. भाग मात्र वाढतात.

इथे एक अपेक्षा थोडी खाली आणतो. १४५०० टाकला म्हणजे टॉर्च खूप जास्त वेळ चालेल असं बऱ्याच जणांना वाटतं. ८०० मिलिअँपिअर-तास गुणिले ३.७ म्हणजे जवळजवळ तीन वॉट-तास. चांगला निकेल सेल २००० गुणिले १.२, म्हणजे २.४. फरक आहे, पण डोळ्यात भरण्यासारखा नाही. लिथियमने मिळते ती ताकद. साठा फारसा वाढत नाही. आणि १४५०० वर २८०० मिलिअँपिअर-तास छापलेलं दिसलं की तो सेल तिथेच ठेवून पुढे चला. या मापात हजारच्या आसपास हद्द संपते.

सेल ओळखायचा कसा? एक छोटा मायक्रोकंट्रोलर लागेल. तो १.८ व्होल्टच्या खाली चालत नाही, म्हणून त्याला वीज बूस्टच्या आउटपुटमधून द्या आणि त्याच्या एडीसीच्या (व्होल्टेज मोजणाऱ्या) पायाला सेल डिव्हायडरमधून, म्हणजे व्होल्टेज ठरावीक पटीत कमी करणाऱ्या दोन रेझिस्टरमधून, जोडा. एव्हीआर घराण्यातला मायक्रोकंट्रोलर असेल तर मोजणीसाठी आतला संदर्भ १.१ व्होल्टचा मिळतो. चारास एक डिव्हायडर केला तर ४.२ चे १.०५ होतात, बरोबर बसतं. डिव्हायडरचे रेझिस्टर मोठे घ्याल, तर पायाजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर टाका, नाहीतर एडीसी काहीही आकडे देईल.

बटण लागल्यावर, एलईडी पेटण्याआधी, व्होल्टेज वाचायचं. दोनच्या खाली असेल तर दीड व्होल्टचं घराणं. मर्यादा १.६ वर ठेवू नका. लिथियम आयर्न डायसल्फाइडचा एकदाच वापरायचा पेन्सिल सेल कोरा असताना १.८ व्होल्ट दाखवतो. २.७ च्या वर असेल तर लिथियम. दोन ते २.७ च्या मध्ये काही सापडलं तर टॉर्चने तीनदा लुकलुकून नकार द्यावा, कारण तो बहुधा मरणपंथाला लागलेला लिथियम सेल आहे. लिथियम ओळखला की २.९ व्होल्टला उजेड उतरवून थोड्या वेळाने बंद. लिथियम आयर्न फॉस्फेटचा ३.२ व्होल्टचा सेल कोणी टाकला तरी याच मर्यादेत सुखाने चालतो.

या तर्काला एक भोक आहे. लिथियम सेल उतरत उतरत दोन व्होल्टच्या खाली गेला आणि कोणी टॉर्च पुन्हा लावला, तर टॉर्च त्याला पेन्सिल सेल समजून आणखी पिळेल. अशा सेलला पुढे कोणी चार्जरला लावलं तर धोका आहे. नुसतं व्होल्टेज मोजून हे भोक बुजत नाही. ते बुजतं प्रोटेक्टेड सेल वापरून. त्याच्या बुडाशी असलेलं सर्किट अडीच व्होल्टच्या आसपास सेल तोडून टाकतं आणि बाहेर शून्य दिसतं. म्हणजे टॉर्चला लिथियमचे दीड व्होल्ट कधी दिसतच नाहीत. टॉर्चवर आणि डब्यावर ‘फक्त प्रोटेक्टेड १४५००’ असं लिहा, मराठीतच. सेल तुम्ही स्वतः देणार असाल तर आयएस १६०४६ या भारतीय मानकाखाली नोंदणी असलेलाच घ्या.

दीड व्होल्टच्या घराण्यात मात्र अल्कलाइन कोणता आणि निकेल कोणता हे ओळखायच्या भानगडीत पडू नका. चार्जरमधून नुकताच काढलेला निकेल सेल १.४ दाखवतो, थोडा वापरलेला अल्कलाइनही तेवढाच. पाच मिलिसेकंद अर्धा अँपिअर ओढून व्होल्टेज किती पडतं ते बघता येतं, निकेल जेमतेम हलतो, अल्कलाइन जास्त पडतो, लाल सेल धाडकन. पण त्यात स्प्रिंगचा आणि मळलेल्या टोकांचा रोधही मिसळतो आणि अंदाज चुकतो. ओळखायची गरजही नाही. भाराखाली व्होल्टेज बघून पायरी उतरवायची, एवढ्यात सगळं आलं. याच कारणाने चार दिव्यांचा बॅटरी इंडिकेटर लावू नका. भाराखाली १.२ व्होल्ट म्हणजे निकेल असेल तर जवळजवळ भरलेला आणि अल्कलाइन असेल तर निम्मा गेलेला. तो इंडिकेटर खोटं बोलणार.

हल्ली यूएसबीवर चार्ज होणारे दीड व्होल्टचे लिथियम पेन्सिल सेलही मिळतात. आत लिथियम आणि व्होल्टेज उतरवणारं सर्किट. टॉर्चला ते उत्तम चालतात, फक्त शेवटपर्यंत दीड व्होल्ट दाखवून एकदम मरतात. रात्री उतरणीवर असे सेल वापरणाऱ्याने जोडीला दुसरा सेल ठेवावा.

टॉर्चमध्येच यूएसबी-सी चार्जिंग द्यावं का, हेही तुम्ही जाता जाता विचारलंय. देऊ नका. टीपी४०५६ सारखा चार्जर आयसी २.९ व्होल्टच्या खालचा सेल दिसला की त्याला उतरलेला लिथियम समजतो आणि ठरवलेल्या करंटच्या दहाव्या हिश्श्याने भरायला लागतो. आत अल्कलाइन असेल तर तो ४.२ ची वाट बघत तासन्‌तास भरत बसेल. अल्कलाइन फुगतो, गळतो, क्वचित फुटतो. ओळखीशिवाय चार्जिंग सुरू होणारच नाही असं कुलूप सर्किटमध्ये घालता येतं, पण पहिल्याच पन्नास नगांत ती जोखीम घ्यायचं कारण नाही. चार्जर बाहेर ठेवा.

उलटा सेल टाकला तर? नेहमीचा उपाय म्हणजे इनपुटला पी-चॅनल मॉसफेट. एका पेन्सिल सेलवर तो निरुपयोगी आहे, कारण एका व्होल्टमध्ये त्याचं गेट नीट उघडतच नाही. शॉट्की डायोड टाकलात तर ०.३ व्होल्ट गेले, म्हणजे १.२ चा चौथा हिस्सा. इथे यांत्रिक उपायच खरा: धन टोकाच्या संपर्काभोवती प्लास्टिकची रिंग, टोकाच्या बोंडाएवढं भोक ठेवून. सेल उलटा गेला तर सपाट बूड रिंगवर टेकतं आणि संपर्क होत नाही. सपाट डोक्याचे लिथियम सेल त्यात चालणार नाहीत. प्रोटेक्टेड सेलना बहुधा बोंड असतंच, त्यामुळे हे आपल्या पथ्यावरच पडतं.

एका अँपिअरच्या या जगात दर दहा मिलीओहममागे जवळजवळ एक टक्का जातो. म्हणून स्प्रिंगकडे लक्ष द्या. साधी स्टीलची स्प्रिंग सहज पन्नास मिलीओहम खाते. फॉस्फर ब्राँझची घ्या, किंवा स्टीलच्या स्प्रिंगच्या पोटातून वेणीची लवचीक तार दोन्ही टोकांना सोल्डर करा. महागडा आयसी घेऊन दोन टक्के वाचवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. स्प्रिंगला चार-पाच मिलिमीटरची दाब हवी, कारण पेन्सिल सेल ५०.५ मिलिमीटरपर्यंत आणि प्रोटेक्टेड १४५०० बावन्न-त्रेपन्नपर्यंत जातो. नळीचं आतलं माप १५ मिलिमीटर ठेवा. अगदी घट्ट केलात तर फुगलेला अल्कलाइन आत अडकतो आणि मग टॉर्चच फेकावा लागतो.

नळी अॅल्युमिनियमची. एचई३० किंवा ६०६१, जे मिळेल ते. वागळे इस्टेटमध्ये किंवा तुमच्या जवळ रबाळे-महापेला टर्निंगची लहान कामं घेणारे भेटतील. पन्नास नगांना सीएनसीवाला तोंड वाकडं करेल, साधा लेथवाला करेल. त्याला एकच गोष्ट लिहून द्या: अॅनोडायझिंगनंतर नळीची दोन्ही तोंडं परत फेस करायची, म्हणजे लेथवर सपाट कापून धातू उघडा करायचा. अॅनोडायझिंगचा थर वीज वाहू देत नाही, आणि आपली वीज नळीच्या तोंडातूनच मागच्या टोपणाकडे जाते. आट्यांवरचा थर राहू द्या. त्यामुळे टोपण पाव फेरी सैल केलं की सर्किट तुटतं आणि सॅकमध्ये टॉर्च आपोआप लागत नाही. रबरी ओ-रिंग दोन्हीकडे, वर सिलिकॉन ग्रीसचं बोट. खाडीकाठची दमट हवा आणि आपला पाऊस यात याला पर्याय नाही. एलईडीचा बोर्ड तांब्याचा घ्या आणि डोक्यात थर्मल पेस्ट लावून घट्ट बसवा. लेन्समध्ये फार गुंतू नका. मध्यम पसरट कोनाची तयार टीआयआर लेन्स घ्या, पायवाटेला आणि घराला दोन्हीकडे चालते.

मागचं बटण यांत्रिकच ठेवा, वीज पूर्ण तोडणारं. इलेक्ट्रॉनिक बटण दिसायला छान, पण मग मायक्रोकंट्रोलर जागा ठेवायला बूस्ट कायम चालू लागतो. सेलमधून दोनशे मायक्रोअँपिअर जरी जात राहिले तरी ८०० मिलिअँपिअर-तासांचा लाल सेल साडेपाच महिन्यांत काही न करता संपतो. मे महिन्यात कपाटात ठेवलेला टॉर्च दिवाळीला मेलेला सापडेल. शिवाय रिकामा झालेला सेल आत पडून राहिला की गळतो, आणि अल्कलाइनमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड अॅल्युमिनियम खातं. वर्षभर पडून राहणाऱ्या टॉर्चमध्ये लो सेल्फ-डिस्चार्ज (नुसता पडून फारसा न उतरणारा) निकेल किंवा एकदाच वापरायचा लिथियम पेन्सिल सेल ठेवायला सांगा. उन्हात उभ्या स्कूटीच्या डिकीत १४५०० घातलेला टॉर्च मात्र कोणी ठेवू नये.

याच नळीत बसणारी नसली तरी एक सोपी वाट आहे ती सांगून ठेवतो: तीन बारीक (एएए) सेलचा साचा किंवा त्याच जागी प्लास्टिकच्या बाहीत एक १८६५० हा मोठा लिथियम सेल. दोन्हींचं व्होल्टेज तीन ते साडेचारच्या पट्ट्यात, त्यामुळे बूस्टच नको, एएमसी७१३५ सारखा ३५० मिलिअँपिअरचा लिनिअर आयसी पुरतो. नवशिक्याने बनवावा असा हाच. पण तीन बारीक सेल त्रिकोणात धरले की व्यास २२.६ मिलिमीटर होतो, बाहेरून टॉर्च सत्तावीस-अठ्ठावीसचा, आणि तो शर्टाच्या खिशात कोणी ठेवत नाही.

आता तपासणी. प्रत्येक प्रकारचे ढीगभर सेल विकत घेऊन जाळायची गरज नाही. लॅमिंग्टन रोडवरून ०.२२, ०.४७ आणि ०.६८ ओहमचे पाच वॉटचे सिरॅमिक रेझिस्टर आणा. बेंच सप्लाय दीड व्होल्टवर ठेवा, मध्ये एकेक रेझिस्टर घाला, टॉर्चच्या इनपुटला निदान १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ०.२२ म्हणजे बरा अल्कलाइन, ०.४७ म्हणजे थकलेला, ०.६८ म्हणजे लाल. ०.४७ वर जास्तीत जास्त १.२ वॉट निघतात, म्हणजे तुमचा वरचा उजेड बरोबर कड्यावर उभा असतो. त्या जागी टॉर्च न लुकलुकता एक-दोन पायऱ्या उतरून स्थिरावला तर फर्मवेअर (मायक्रोकंट्रोलरमधला प्रोग्रॅम) बरोबर आहे. मग सप्लाय हळूहळू ०.९ पर्यंत उतरवा, परत १.५ करा, उजेड आपोआप वर चढत नाही ना ते बघा. त्यानंतर रेझिस्टर काढून ४.२ द्या, अर्धा तास पूर्ण उजेडावर ठेवा आणि डोकं मुठीत धरा. धरवत नसेल तर लिथियमवरचा करंट कमी करा.

डब्यावर चालण्याचा वेळ छापणार असाल तर प्रत्येक सेलचा वेगळा छापा. टॉर्चसाठीच्या एफएल१ या मानकात टॉर्च लावल्यावर ३० सेकंदांनी मोजलेला उजेड १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. आपला टॉर्च पायऱ्या उतरत जाणारा आहे, त्यामुळे या मोजणीत लाल सेलवरसुद्धा आकडा मोठा दिसेल. तो एकटा छापू नका. त्याच्या शेजारी मधल्या उजेडावर निकेल सेल किती तास गेला तेही टाका, ट्रेकला जाणारा माणूस तोच बघेल.